गुजरी महाल : राजवाड्याचे झाले संग्रहालय

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी उभा असलेला गुजरी महाल राजा मानसिंह तोमर याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस वा सोळाव्या शतकाच्या आरंभी आपल्या राणीसाठी बांधला. पुढे चार शतकांनी, १९२२ मध्ये, शिंदे संस्थानाच्या पुरातत्त्व विभागाने या महालात संग्रहालय सुरू केले. आज हे मध्य प्रदेश शासनाचे केंद्रीय पुरातत्त्व संग्रहालय आहे. मध्ययुगीन राजवास्तूचे रूपांतर प्रादेशिक इतिहासाच्या संग्रहालयात कसे करावे, याचे भारतातील हे एक जुने आणि यशस्वी उदाहरण होय. ते घडवून आणण्यात एका मराठी पुरातत्त्ववेत्त्याचा वाटा मोठा आहे. संग्रहातील काही वस्तूंचा संबंध नर्मदेच्या खोऱ्यामार्फत थेट खानदेशाच्या इतिहासाशीही पोहोचतो.

राणीचा महाल

ग्वाल्हेरचा किल्ला एका लांबट, उभ्या कड्यांच्या टेकडीवर आहे. पूर्वेकडील चढणीला आलमगिरी दरवाजापासून सुरुवात होते. हा दरवाजा औरंगजेबाच्या काळात, १६६० मध्ये बांधला गेला. तेथून आत शिरल्यावर वरच्या मानमंदिर राजवाड्याकडे जाणारी वाट सुरू होण्याआधीच गुजरी महाल लागतो. वरचा राजवाडा टेकडीच्या माथ्यावर, तर हा महाल तटबंदीच्या आत पण तळाशी, अशी ही रचना आहे.

महाल दुमजली असून घडीव दगडांचा आहे. बाहेरच्या भिंती उंच व भक्कम आहेत आणि त्यांवर घुमट्या असलेले बुरूजवजा सज्जे आहेत. कोरीव कंस, हत्तींच्या आकृती, जाळ्या आणि रंगीत फरशांचे काही अवशेष बाहेरच्या अंगाला दिसतात. आत मोठा चौक, चौकाभोवती लहान लहान खोल्यांची रांग आणि चौकाच्या मध्यभागी तळघर आहे. बाहेरून गढीसारखा बंदिस्त, आतून मात्र चौकाकडे मोकळा, असे या वास्तूचे स्वरूप आहे.

मृगनयनी ही गुर्जर समाजातील कन्या होती, अशी परंपरागत कथा आहे. तिने विवाहासाठी राजाला अटी घातल्या. स्वतंत्र महाल हवा आणि आपल्या राई गावाचे पाणी त्या महालापर्यंत यावे, या त्यांपैकी प्रमुख अटी. राजाने त्या मान्य केल्या आणि नळ घालून पाणी आणले, असे सांगितले जाते. हिंदी कादंबरीकार वृंदावनलाल वर्मा यांच्या १९५० मधील ‘मृगनयनी’ या कादंबरीने ही कथा घरोघरी पोहोचवली. मानसिंह हा संगीताचा जाणकार होता. ध्रुपदाला त्याने दिलेला आश्रय आणि त्याच्या नावावर असलेला ‘मानकुतूहल’ हा ग्रंथ यांमुळे संगीताच्या इतिहासातही त्याचे नाव घेतले जाते.

तोमरांकडून शिंद्यांकडे

मानसिंहाचा राज्यकाल १४८६ ते १५१६ असा मानला जातो. त्याच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत किल्ला लोदी सुलतानांच्या हाती गेला. त्याचा पुत्र विक्रमादित्य १५२६ मध्ये पानिपतच्या लढाईत मारला गेला. बाबराने १५२८ मध्ये ग्वाल्हेरला भेट दिली आणि तेथील राजवाड्यांचे वर्णन आपल्या आत्मचरित्रात केले. मुघलांनी या किल्ल्याचा उपयोग राजबंद्यांचा तुरुंग म्हणून केला. औरंगजेबाचा भाऊ मुराद याला १६६१ मध्ये येथेच देहदंड देण्यात आला.

अठराव्या शतकात किल्ला मराठ्यांकडे आला. इंग्रज अधिकारी पॉपहॅम याने १७८० मध्ये तो रात्रीच्या वेळी शिड्या लावून घेतला, पण महादजी शिंदे यांनी १७८३ मध्ये परत मिळवला. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून १८१० च्या सुमारास पायथ्याशी ‘लष्कर’ हे नवे शहर वसले. त्याच्या नावातच छावणीची आठवण आहे. १८५८ च्या धामधुमीनंतर किल्ल्यावर इंग्रजांचे सैन्य राहिले. झाशीच्या मोबदल्यात १८८६ मध्ये किल्ला शिंद्यांना परत मिळाला. त्याच वर्षी माधवराव शिंदे गादीवर आले. संस्थानात पुढे जे आधुनिक विभाग उभे राहिले त्यांत पुरातत्त्व विभागही होता.

शिंद्यांचे स्वतःचे निवासस्थान तोवर शहरातील जयविलास राजवाडा हे झाले होते. तो १८७४ मध्ये पूर्ण झाला. त्याच्याही एका भागात १९६४ मध्ये संग्रहालय सुरू झाले. दोन्ही वास्तू राजवाडेच, पण त्यांच्या संग्रहांचा हेतू वेगळा आहे. जयविलासमध्ये राजघराण्याचे वैभव दिसते. गुजरी महालात त्या घराण्याच्या राज्यात विखुरलेल्या गावांचा, मंदिरांचा आणि उद्‌ध्वस्त नगरांचा इतिहास एकत्र केलेला आहे.

गर्दे यांची कामगिरी

ग्वाल्हेर संस्थानाचा पुरातत्त्व विभाग १९१३ मध्ये स्थापन झाला. त्याची धुरा मोरेश्वर बळवंत गर्दे यांच्याकडे होती. संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. उत्तरेस चंबळेचे खोरे, मध्ये विदिशा आणि माळव्यातील उज्जैन-मंदसौर, दक्षिणेस नर्मदेच्या बाजूला बाघ, अशा दूरदूरच्या परगण्यांत प्राचीन अवशेष पडलेले होते. त्यांची पाहणी करणे, पडझड झालेल्या वास्तू सावरणे, शिलालेखांचे ठसे घेणे आणि दरवर्षी अहवाल छापणे, हे काम विभागाने सातत्याने केले.

ग्वाल्हेरच्या दक्षिणेस सिंध आणि पार्वती नद्यांच्या संगमावर पवाया नावाचे खेडे आहे. भवभूतीच्या ‘मालतीमाधव’ नाटकातील पद्मावती नगरी म्हणजे हेच ठिकाण, असे प्रतिपादन गर्दे यांनी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या १९१५-१६ च्या वार्षिक अहवालातील लेखात केले. त्याआधी ही नगरी नरवर येथे असावी, असे कनिंगहॅम यांचे मत होते. नाटकात येणारी नद्यांची वर्णने, गावाजवळचे अवशेष आणि तेथे सापडलेली नाणी व शिल्पे यांची सांगड घालून गर्दे यांनी पवायाच्या बाजूने कौल दिला. पुढे त्यांनी तेथे उत्खननही केले.

शेतातील मूर्ती, पडक्या देवळाची चौकट, विटांच्या ढिगातील खांबाचे शीर्ष यांना सुरक्षित जागा हवी होती. नवी इमारत बांधण्याऐवजी संस्थानाने गुजरी महालाची निवड केली. वास्तू मजबूत होती, किल्ल्याच्या पायथ्याशी असल्याने जड शिळा आणणे शक्य होते आणि संग्रहालय झाल्यामुळे महालाचीही देखभाल होणार होती. एकाच खर्चात वास्तू आणि वस्तू दोन्ही राखण्याची ही योजना होती.

दालनांत काय पाहावे

चौकाभोवतीच्या खोल्या हीच संग्रहालयाची दालने आहेत. बहुतेक संग्रह दगडी शिल्पांचा आहे. त्याशिवाय शिलालेख, ताम्रपट, नाणी, धातूच्या मूर्ती, मृण्मय वस्तू आणि चित्रे आहेत.

पवाया येथील माणिभद्र यक्षाची मूर्ती इतिहासाच्या अभ्यासकांसाठी विशेष महत्त्वाची आहे. तिच्या बैठकीवर शिवनंदी नावाच्या राजाच्या चौथ्या राज्यवर्षाचा लेख असून, माणिभद्राच्या भक्तांच्या समूहाने ही मूर्ती उभारल्याचे त्यात नमूद आहे. एका राजाचे नाव आणि सामान्य उपासकांची संघटना, दोन्हींची साक्ष एकाच दगडावर मिळते. पवायाचाच गुप्तकालीन शिल्पपट संगीताच्या अभ्यासकांना परिचित आहे. त्यात मध्यभागी नर्तकी आणि भोवती वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रिया कोरलेल्या आहेत. पाचव्या शतकातील वाद्यवृंद कसा बसत असे, याचे ते जवळजवळ छायाचित्रच म्हणता येईल.

विदिशेजवळच्या बेसनगर येथून आलेले ताडवृक्षाच्या आकाराचे स्तंभशीर्ष आणि उदयगिरीचे सिंहशीर्ष हेही येथे आहेत. ग्रीक राजदूत हेलिओडोरसने वासुदेवाच्या भक्तीने उभारलेला गरुडस्तंभ मात्र बेसनगरला आपल्या मूळ जागीच आहे. कोणती वस्तू उचलावी आणि कोणती जागीच ठेवावी, हा प्रश्न प्रत्येक संग्रहालयापुढे असतो. उभा स्तंभ जागेवर राखणे शक्य असते. जमिनीवर पडलेली शीर्षे मात्र तशीच राहिली तर फुटण्याचा वा नाहीशी होण्याचा धोका असतो.

बडोह येथील मातेचे शिल्प अनेक प्रेक्षकांना थांबवते. माता पहुडलेली असून शेजारी तान्हे बाळ आहे. सर्वांत प्रसिद्ध आहे ती ग्यारसपूरची शालभंजिका. दहाव्या शतकाच्या सुमाराची ही मूर्ती आकाराने लहान आहे. हात तुटलेले, पायांचा खालचा भाग नाहीसा झालेला, तरीही देहाचा बाक आणि चेहऱ्यावरचे मंद स्मित यांमुळे ती जगभर गाजली. ती विशेष बंदोबस्तात ठेवण्यात येते.

बाघची चित्रे

नंदुरबार जिल्ह्याची उत्तर सीमा नर्मदा आहे. नदीच्या पलीकडे, धार जिल्ह्यात बाघ येथे वालुकाश्मात कोरलेली बौद्ध लेणी आहेत. पाचव्या-सहाव्या शतकातील ही लेणी पूर्वी ग्वाल्हेर संस्थानात होती. अजिंठ्याच्या बरोबरीने ज्यांचे नाव घ्यावे अशी भित्तिचित्रे तेथे होती. परंतु दगड मऊ, छतातून पाणी झिरपणारे, त्यामुळे चित्रे झपाट्याने खराब होत होती.

संस्थानाच्या पुढाकाराने १९२१ मध्ये नंदलाल बोस, असितकुमार हलदार आणि सुरेंद्रनाथ कर हे चित्रकार बाघला गेले. स्थानिक चित्रकारांच्या साथीने त्यांनी भित्तिचित्रांच्या नकला तयार केल्या. त्या नकला गुजरी महालात आहेत. मूळ चित्रांचे पुढे इतके नुकसान झाले, की उरलेला भाग वाचवण्यासाठी १९८२ मध्ये तो भिंतींवरून काढावा लागला. मिरवणुकीतील हत्ती-घोडे, फेर धरून नाचणाऱ्या स्त्रिया यांचे जे तपशील मुळात आज पुसट आहेत ते पाहायचे तर शंभर वर्षांपूर्वीच्या या नकलांचाच आधार घ्यावा लागतो.

सापडल्या जागेचे मोल

बाघनेच आणखी एक धडा दिला आणि त्याचा संबंध खानदेशाशी आहे. गुप्तकाळात ‘वल्ख’ येथून राज्य करणाऱ्या काही महाराजांचे ताम्रपट अभ्यासकांना पूर्वीपासून ठाऊक होते. त्यांतील एक शिरपूरचा होता. दोन ताम्रपट इंदूरच्या एका पंडितांच्या संग्रहात होते आणि ते मुळात कोठे सापडले याची नोंद नव्हती. उपलब्ध पुराव्यावरून महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वल्ख म्हणजे चाळीसगावजवळचे वाघळी असे मत मांडले होते.

बाघच्या एका लेण्यातील माती-दगडांचा ढिगारा उपसताना १९८२ मध्ये २७ ताम्रपटांचा साठा मिळाला. त्यांतील बरेचसे याच वल्खच्या महाराजांचे होते. इतके ताम्रपट एकत्र, तेही निश्चित ठिकाणी मिळाल्यामुळे या घराण्याचे केंद्र खानदेशाऐवजी बाघच्या परिसरात असल्याचे मत बळावले. ताम्रपटांतील अक्षरे तीच, राजांची नावेही तीच. फरक पडला तो ‘कोठे सापडले’ या एका नोंदीने. इंदूरच्या दोन पत्र्यांची ही नोंद सुरुवातीलाच झाली असती, तर हा उलगडा कदाचित कित्येक दशके आधी झाला असता.

संग्रहालयाचा खरा पाया म्हणूनच भिंतींइतकाच नोंदवहीत असतो. वस्तू कोणत्या गावी, कोणत्या शेतात, किती खोल, कशाच्या शेजारी मिळाली हे लिहिलेले नसेल, तर सुंदर मूर्तीसुद्धा इतिहासाच्या दृष्टीने अर्धी मुकी होते. गुजरी महालातील पवायाची शिल्पे पद्मावतीविषयी इतके सांगू शकतात, याचे कारण ती पवायाची आहेत हे निश्चित आहे.

जुन्या वास्तूच्या मर्यादा

राजवाड्यात संग्रहालय थाटणे सोपे नसते. लहान खोल्यांमुळे मोठ्या शिल्पांभोवती फिरायला जागा कमी पडते. पायऱ्या, उंच उंबरठे आणि अरुंद दारे यांमुळे वृद्धांची व अपंगांची गैरसोय होते. वास्तू स्वतःच संरक्षणयोग्य असल्याने भिंतीला खिळा ठोकतानाही विचार करावा लागतो. दगडी भिंतींत मुरलेली ओल क्षार वर आणते आणि ते मूर्तीच्या पृष्ठभागाचे कवच सोलतात.

प्रकाशाचा प्रश्न तर अधिक नाजूक आहे. दगडी शिल्पाला भरपूर उजेड चालतो. कागद, कापड आणि जलरंगातील चित्रे यांच्यासाठी मात्र सुमारे ५० लक्स इतकाच प्रकाश ठेवावा, असा संग्रहालयशास्त्राचा दंडक आहे. चौकाच्या बाजूच्या खोलीत दुपारी थेट ऊन येत असेल, तर तेथे चित्रे टांगता येत नाहीत. सामान्यतः अवजड शिल्पे तळमजल्यावर व चौकात, तर नाजूक वस्तू आतल्या बाजूच्या खोल्यांत, ही विभागणी अशा वास्तूंना सोयीची ठरते.

तरीही जगभर हा मार्ग स्वीकारला गेला आहे. पॅरिसचे लूव्र हे मुळात बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली गढी होते. ते १७९३ मध्ये सार्वजनिक संग्रहालय झाले. तंजावरच्या मराठा राजवाड्यात १९५१ पासून कलादालन आहे आणि चोळकालीन कांस्यमूर्तींसाठी ते प्रसिद्ध आहे.

महाराष्ट्रातील वास्तू

महाराष्ट्रात या प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणजे छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील सोनेरी महाल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसराजवळ, डोंगराच्या पायथ्याशी ही वास्तू आहे. मुघलांबरोबर दख्खनेत आलेला ओरछाचा बुंदेला सरदार पहाडसिंह याने ती सतराव्या शतकाच्या मध्यास बांधली. ओरछा हे ग्वाल्हेरपासून दूर नाही, त्यामुळे दोन्ही महालांच्या बांधणीतील साम्य शोधणे उद्‌बोधक ठरते. आतील सोनेरी रंगकामावरून तिला हे नाव मिळाले. येथे राज्य पुरातत्त्व विभागाचे प्रादेशिक संग्रहालय आहे.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात काँग्रेस कार्यसमितीचे सदस्य बंदिवासात होते. पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तेथेच लिहिले. त्या खोल्या स्मारक म्हणून जतन केल्या आहेत. येथे बाहेरून आणलेल्या वस्तूंपेक्षा ती जागाच मुख्य प्रदर्शनीय वस्तू आहे.

नंदुरबारचा वारसा

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. जिल्हा नवा, पण इतिहास फार जुना आहे. शहादा तालुक्यात तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशे येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने बा. कृ. थापर यांच्या नेतृत्वाखाली १९५४-५५ मध्ये उत्खनन केले. ताम्रपाषाण काळापासून पुढच्या ऐतिहासिक काळापर्यंतच्या वसाहतींचे थर तेथे मिळाले. माळवा आणि जोर्वे या दोन्ही धर्तींची रंगीत खापरे सापडल्याने उत्तरेचा माळवा आणि दक्षिणेचा गोदावरी-प्रवरा परिसर यांना जोडणारा दुवा म्हणून प्रकाशे पुराणवस्तुशास्त्रात प्रसिद्ध झाले. खानदेशातील कागदपत्रे आणि पुराणवस्तू जपण्याचे काम धुळ्याच्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळाने १९२७ पासून केले आहे.

नंदुरबार तालुक्यातील धानोऱ्यापासून सातपुड्यातील पाड्यांपर्यंत, नांगरताना वा विहीर खणताना मिळालेल्या वस्तूचे काय करावे, हे माहीत असणे यासाठीच आवश्यक आहे. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. पुरावस्तू व बहुमोल कलाकृती अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी शिल्पे, नाणी इत्यादी पुरावस्तू ठरतात. महत्त्वाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. शिल्पांसारख्या अधिसूचित वस्तूंची नोंदणी करावी लागते आणि शासनाच्या परवानगीवाचून पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत.

वस्तू सापडताच ती घासूनपुसून स्वच्छ करू नये. शेंदूर वा तेल लावू नये. जागेवरच छायाचित्र काढावे, शेताचा गट क्रमांक आणि खोली लिहून ठेवावी, शेजारी मिळालेली खापरे वा विटा फेकून देऊ नयेत आणि तहसील कार्यालय किंवा पुरातत्त्व विभागाला कळवावे. जिल्ह्यात उद्या कोणत्याही जुन्या गढीत वा वाड्यात संग्रहालय उभे राहिले, तर त्याच्या पहिल्या दालनात काय असेल, हे आज केलेल्या अशा नोंदींवरच ठरेल.

दृष्टिक्षेपात गुजरी महाल

स्थान : ग्वाल्हेर किल्ल्याच्या पूर्व पायथ्याशी, आलमगिरी दरवाजाच्या आत.

निर्माता : राजा मानसिंह तोमर (राज्यकाल १४८६ ते १५१६).

संग्रहालयाची सुरुवात : १९२२, ग्वाल्हेर संस्थानाचा पुरातत्त्व विभाग.

व्यवस्थापन : संस्थान १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेश राज्याची पुनर्रचना झाली. तेव्हापासून त्या राज्याच्या शासनाकडे.

आवर्जून पाहावे : ग्यारसपूरची शालभंजिका, पवायाचा माणिभद्र यक्ष व संगीत-नृत्याचा शिल्पपट, बेसनगरचे ताडशीर्ष, बडोहची माता, बाघ चित्रांच्या नकला.

जवळपास : किल्ल्याच्या चढणीवरील चतुर्भुज मंदिर. येथील इ. स. ८७६ च्या शिलालेखात शून्याचे चिन्ह कोरलेले आहे.

कसे जावे : नंदुरबारहून तापी मार्गाने भुसावळ आणि तेथून इटारसी, भोपाळ, झाशीमार्गे रेल्वेने ग्वाल्हेर. सोमवारी संग्रहालय बंद असते.